पोरगं नशेत अडकायच्या आधी आपल्या भागात कोणाकोणाची ओळख करून ठेवायची

दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, शाळेची रॅली निघते, पोरं पाट्या घेऊन घोषणा देत जातात, चौकात शपथ होते, फोटो निघतात, आणि रॅली जिथे संपते तिथल्याच टपरीवर संध्याकाळी दहावीतल्या पोराला सुटी सिगरेट मिळते. महाराष्ट्रात सुटी सिगरेट विकायला २०२० पासून बंदी आहे बरं का. रॅलीला माझा विरोध नाही, काढा खुशाल, पण एकदाच येऊन घाबरवून जाणाऱ्या भाषणांनी पोरं नशेपासून लांब राहत नाहीत, हे युनोचे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञसुद्धा आता स्पष्ट लिहितात. मंडळाकडे, सोसायटीकडे, बचत गटाकडे जो काही थोडा वेळ आणि पैसा असतो तो कुठे लावायचा हे सांगायला हे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच की मदत करणारी माणसं आणि जागा आपल्याकडे बऱ्यापैकी आहेत, बहुतेक फुकट आहेत, पण आपण त्यांच्याकडे जातो तेव्हा वर्ष दीड वर्ष उलटून गेलेलं असतं. का, तर 'नाव खराब होईल'. म्हणून ओळखी आधी करून ठेवायच्या, कोणाच्याही घरात काही घडलेलं नसताना.

आधी फोन नंबरचा एक कागद करा

व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड नको, छापील कागद. लिफ्टमध्ये, अभ्यासिकेत, व्यायामशाळेत, सार्वजनिक नळाजवळ, जिथे माणसं दोन मिनिटं उभी राहतात तिथे चिकटवा. त्यावर हे एवढं पुरे:

१०८ ॲम्ब्युलन्स. ११२ पोलीस आणि कुठलीही इमर्जन्सी.
१४४४६ व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, सामाजिक न्याय मंत्रालयाची.
१४४१६ टेलिमानस, मन ठीक नसेल, जीव द्यावासा वाटत असेल, घरचे हैराण झाले असतील तर. मराठीत बोलता येतं.
१०९८ चाइल्डलाइन, १८ च्या आतलं पोर असेल तर.
१८०० ११६ ११७ दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र, चोवीस तास, कोणी गोळ्या किंवा औषध खाल्लं तर काय करायचं हे सांगतात.
१९३३ नार्कोटिक्स ब्युरोची हेल्पलाइन, कोण विकतंय ते नाव न सांगता कळवायला.

इथे एक घोळ हमखास होतो. १९३३ चं नाव पण 'मानस' आणि १४४१६ चं 'टेलिमानस'. एक विक्रेत्याची खबर द्यायला, दुसरा मनाच्या त्रासासाठी. रडत असलेल्या आईने चुकून १९३३ लावला तर बिचारी आणखी घाबरते, म्हणून कागदावर दोन्हींच्या पुढे कामं ठळक लिहा.

या खाली तुमच्या भागातल्या माणसांसाठी चार रिकाम्या ओळी सोडा: सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीचा वार आणि वेळ, आशाताई, बीट अंमलदार, आणि रात्री दोनला गाडी काढणारा एक माणूस. या ओळी पेननेच भरा, कारण माणसं बदलतात. गणपतीच्या पहिल्या मीटिंगला दरवर्षी सगळे नंबर एकदा लावून बघायचे.

काय चालतं ते माहीत पाहिजे

आईबापांना वाटतं ड्रग्ज म्हणजे पिक्चरमधली पांढरी पावडर. खरं तर वय कमी तेवढी वस्तू स्वस्त आणि घरगुती. पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर रुमालावर घेऊन हुंगतात. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९ च्या सर्व्हेत हुंगायच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के निघालं, म्हणजे मुलांत दुप्पट, आणि असं उलटं गणित फक्त याच एका नशेत आहे. सारखा ओलसर रुमाल, तोंडाभोवती पुरळ, अंगाला पेंटसारखा वास आणि डब्याच्या पैशांत रोजची दहावीस रुपयांची गळती, एवढं दिसलं तर विचारा.

मग झोपेच्या आणि अँझायटीच्या गोळ्या, 'बटन' म्हणतात, काही शहरांत 'कुत्ता गोळी'. कोडीनचं खोकल्याचं सिरप. व्यायामशाळेत मेफेंटरमाइनचं इंजेक्शन, जे खरं तर ऑपरेशनच्या वेळी पेशंटचं बीपी पडलं तर देतात, ते पोरं स्टॅमिना म्हणून घेतात आणि ट्रेनरच आणून देतो. कॉलेजात एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे तरी मुंबई पुण्याला सारखं पकडलं जातं. यात पोरगं दोन दोन रात्री झोपत नाही, जेवत नाही, दात आवळतं, मग दोन दिवस मेल्यासारखं झोपतं आणि घरचे म्हणतात परीक्षेचं टेन्शन आहे.

दारू लिहिली नाही म्हणून ती छोटी गोष्ट आहे असं नाही. आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं, हे पाळलं जात नाही, आणि विसर्जनाच्या रात्री तर मंडळच पोरांना पाजतं. हे तुमच्या मंडळात होत असेल तर बाकी कार्यक्रम घेऊ नका, आधी ते थांबवा.

मेडिकलवाल्याशी बोला, पण धमकी देऊन नाही

हे काम सगळ्यात कमी लोक करतात आणि याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, डायझेपाम, कोडीन, ट्रामाडॉल ही झोपेची, खोकल्याची, वेदनेची औषधं शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत येतात. ती विकताना दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. पाकिटावर लाल चौकटीत वॉर्निंग असते, ती एकदा हातात घेऊन बघा.

दुपारी तीन साडेतीनला जा, गिऱ्हाईक नसतं. "काका, आम्ही मंडळातून आलोय, पोरांचं जरा बघतोय, तुमच्याकडे चिठ्ठीशिवाय गोळ्या मागायला येतात का हो?" एवढं म्हटलं की बहुतेक जण मन मोकळं करतात. एका काकांनी काउंटरखालून लांबट वही काढून दाखवली, एकाच डॉक्टरची चिठ्ठी, एकच पेशंट, तारीख मात्र दर चार दिवसांनी नवी. चिठ्ठीची कलर झेरॉक्स काढून पोरं फिरत होती. तेव्हापासून त्या दुकानात चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख मारूनच औषध देतात, म्हणजे तीच चिठ्ठी परत चालत नाही. याला एक रुपया खर्च नाही. एखादा ऐकतच नसेल आणि उघड विकत असेल तर एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, टोल फ्री १८००-२२२-३६५ आहे, पण पहिल्याच दिवशी तक्रार केलीत तर उरलेले दुकानदार तुमच्याशी बोलायचे बंद होतील.

आणि घरातलं कपाट. आजीच्या झोपेच्या गोळ्या, बाबांच्या ऑपरेशननंतर उरलेल्या वेदनेच्या गोळ्या, शेतात असाल तर फवारणीचं औषध. वापरात नाही ते काढून टाका, वापरात आहे ते कुलपात ठेवा, आठवड्याला मोजा. दहावी बारावीच्या निकालाच्या आठवड्यात तर नक्कीच.

शाळा कॉलेज

फार लिहीत नाही. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे, म्हणजे साधारण ९१ मीटर. टेप घेऊन मोजा, फोटो काढा, मुख्याध्यापकांच्या सहीने अर्ज द्या, पालकाच्या एकट्याच्या अर्जाला कोणी विचारत नाही. अल्पवयीन मुलाला दारू, तंबाखू किंवा ड्रग देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे, पोरांच्या हातून असला माल विकून घेतला तर कलम ७८. टपरीवाल्याला हे शांतपणे वाचून दाखवलं तरी फरक पडतो. भाषणांच्या ऐवजी मित्राला 'नाही' कसं म्हणायचं, राग आला तर काय करायचं, असे तास वर्षभर घेणारे शिक्षक तयार होत असतील तर त्यांच्यावर पैसे घाला.

शंका आली तर पहिले काही दिवस

झडती, मार, मोबाइल फोडणं, मामाला बोलावून पंचायत, हे सगळं नंतर महागात पडतं. पोर शुद्धीवर असताना, जेवणानंतर, एकट्याशी बोलायचं. "तू घेतोस का" असं विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा "सोन्या, तू चार रात्री झोपला नाहीस, मला भीती वाटतेय, आपण डॉक्टरांना दाखवू, बाबांशी मी बोलते" असं. घरात बापाशी बोलणं नसेल तर मावशी, आत्या, क्लासचे सर, पथकातला दादा, ज्याचं तो ऐकतो तो माणूस शोधा. मंडळाने इथे एवढंच करायचं, तो माणूस शोधून द्यायचा आणि गप्प बसायचं. ग्रुपवर नाव, फोटो, 'आपल्या विंगमधला एक मुलगा' असला सूचक मेसेज काही काही नको.

जायचं कुठे? आधी जिल्हा रुग्णालयाची किंवा सरकारी मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी. केसपेपर काढायला सकाळी लवकर, बरोबर आधार कार्ड आणि दोन तास वेळ. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी वेगळं क्लिनिक असतं, बऱ्याच ठिकाणी त्याला मैत्री क्लिनिक म्हणतात, तिथे समुपदेशक बसतात आणि पोराला 'वेड्यांचा डॉक्टर' असं वाटत नाही म्हणून सुरुवातीला ते सोपं जातं. आशाताईंना विचारा कुठल्या दिवशी असतं. पोरगं यायलाच तयार नसेल तरी तुम्ही जा. घरच्यांसाठी ॲल-ॲनॉनच्या मीटिंग असतात, पैसे नाहीत, आडनाव विचारत नाहीत. स्वतः घेणाऱ्यांसाठी एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) आणि एनए (नार्कोटिक्स ॲनॉनिमस), मोठ्या शहरांत मराठीतून चालतात.

भिंतीवर रंगवलेलं असतं ना, 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा', त्या पुड्यांच्या नादाला लागू नका. त्यात काय असतं ते तुम्हाला माहीत नसतं, आणि दारूशी रिॲक्शन होणारं औषध न सांगता चहातून दिलं आणि वर पोराने पेग मारला तर जीवावर बेतू शकतं. तसंच रोज भरपूर पिणाऱ्याला किंवा महिनोनमहिने झोपेच्या गोळ्या खाणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम बंद करायचं नाही, दोन तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो. हे डॉक्टरच्या देखरेखीतच.

ओव्हरडोस झाला असेल तर

हा भाग मंडळाच्या पोरांना प्रत्यक्ष करून दाखवा, वाचून लक्षात राहत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एका रविवारी बोलवा, येतात.

समजा गच्चीवर टाकीमागे एक पोरगं पडलंय. खांदे हलवा, मोठ्याने नाव घ्या, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळा. तरी हालत नाही, श्वास मधे मधे थांबतोय, घोरल्यासारखा घरघर आवाज येतोय, ओठ नखं निळी काळी, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तर गर्द (ब्राउन शुगर), ट्रामाडॉल, कोडीन यांच्यातलं काहीतरी जास्त झालंय असं धरा. 'घोरतोय, झोपू दे' या वाक्याने लोक मेलेत. आधी १०८, फोन स्पीकरवर. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडून, वरचा हात गालाखाली, तोंड जरा खाली, म्हणजे उलटी झाली तर घशात जाणार नाही. श्वास नसेल किंवा मिनिटाला एखादाच उचकीसारखा येत असेल तर सरळ उताणं करून छाती दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, आणि येत असेल तर तोंडाने श्वासही, कारण इथे आधी श्वासच बंद पडलेला असतो.

काय नाही करायचं ते जास्त महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडे पटकन तेच होतं. मिठाचं पाणी पाजून उलटी नको. कांदा, चप्पल हुंगवणं नको. लिंबू, ताक, कॉफी नको, गिळता येत नसताना तोंडात काहीही घालायचं नाही. थंड पाण्याची बादली नको. एकटं सोडून 'कोणाला तरी बोलावून आणतो' म्हणून जाणं नको.

एमडीसारख्या नशेत उलटं असतं, अंग तापतं, छाती धडधडते, पोर घाबरं होतं, मारायला उठतं, फिट येते. गर्दी हटवा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, धरून बांधून ठेवू नका, आणि १०८ लावाच. आणि तिसरा प्रकार फसवा, रागाच्या भरात पॅरासिटामॉलची अख्खी पट्टी खाल्लेली मुलगी. पहिल्या दिवशी ती ठणठणीत दिसते, लिव्हर दोन तीन दिवसांनी बसतं. "बरी आहे आता, कशाला हॉस्पिटल" असं म्हणायचं नाही, लगेच न्यायचं, उतारा आहे पण तो वेळेत मिळाला तरच.

हॉस्पिटलला पोचल्यावर खरं सांगा, रिकामं पाकीट बाटली बरोबर न्या. गर्द आणि तत्सम गोळ्यांवर नालोक्झोन नावाचं इंजेक्शन आहे, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, मिनिटांत श्वास परत आणतं. पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि आतली नशा अजून शिल्लक असते, म्हणून उठून बसला की डिस्चार्ज मागायचा नाही. मंडळाने आत्ताच करायचं काम म्हणजे जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारायचं, "डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे नालोक्झोन स्टॉकला असतं का?" नसेल तर रुग्ण कल्याण समितीला लेखी पत्र.

पोलिसांची भीती

मित्र पळून जातात ते याच भीतीने, आणि पोरगं एकटं पडून मरतं. हॉस्पिटल एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, करणार, पोलीस जबाब घेणार, हे होतं, मान्य. पण एमएलसी आहे म्हणून तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय. आणि एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ वाचून ठेवा: सेवनाचा किंवा अगदी कमी मालाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला तर त्याच्यावर त्यासाठी खटला चालत नाही, उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत जाऊ शकते. विकणाऱ्याला यातलं काही नाही. चौकीतल्या साहेबांशी एकदा चहा घेताना हे कलम काढा, त्यांनाही बरं वाटतं की मंडळाला घेणारा आणि विकणारा यातला फरक कळतो.

सेंटर निवडताना

पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने १९८६ मध्ये सुरू केलेलं. मुंबईत बांद्र्याहून सुरू झालेलं कृपा फाउंडेशन १९८१ पासूनचं. अशा जुन्या ठिकाणी फोन केला तर जागा नसली तरी तुमच्या जिल्ह्यात कुठे जायचं ते सांगतात.

बाकी गल्लोगल्ली सेंटरं उघडलीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार येतात, म्हणून नोंदणीचा कागद मागा, भिंतीवरचा ट्रस्टचा नाही, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा. मानसोपचारतज्ज्ञ कोण, कोणत्या वारी येतात? घरच्यांना भेटू देतात का? १८ च्या आतल्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवतात का, बरोबर पालक राहू देतात का? साखळीने बांधणं या कायद्याने सरळ बेकायदा आहे. संडास आणि स्वयंपाकघर बघितल्याशिवाय पैसे भरू नका. 'तुम्ही फक्त पत्ता द्या, आमची गाडी येऊन उचलून नेते' असं जिथे अभिमानाने सांगतात तिथून मी तरी पोराला लांबच ठेवीन.

परत आल्यावर

घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. गर्दवाल्याच्या शरीराची सवय सेंटरमध्ये किंवा जेलमध्ये मोडलेली असते आणि हाताला जुनंच माप आठवतं, तेवढंच घेतलं तर तो जागेवर जातो. हे घरच्यांना आणि त्याला स्वतःलाही स्पष्ट शब्दांत सांगा. फॉलोअपची तारीख कॅलेंडरवर लिहा, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर 'आता बरा आहे' म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

मंडळात त्याला काम द्या, सकाळचं, घामाचं, मांडव, ढोलाची पानं, रक्तदान शिबिराच्या खुर्च्या, काहीही. 'व्यसनमुक्त झालेला आपला मित्र' म्हणून स्टेजवर उभं करून सत्कार वगैरे अजिबात नको. आणि वर्गणीचं पावतीपुस्तक पहिलं वर्षभर त्याच्याकडे नको. विश्वास नाही म्हणून नाही, खिशात रोख पैसे आले की डोकं जुन्या रस्त्याला लागतं म्हणून. त्याला बाजूला घेऊन तसंच सांगा, बहुतेक पोरं स्वतःच "नको दादा, माझ्याकडे नकोच" म्हणतात.